भंगारातून जोडलेली क्रूझर: चढावर चेन का उतरते?

काळ्या सायकलीची फ्रेम, रेंजर सायकलीची (जाड टायरवाली गिअरची धाटणी) जाड चाकं, उंच हँडल, आणि चढावर जोर दिला की चेन उतरते, हे तुमचं दुखणं. भाऊ, आधी मागून एक डोळा मिटून बघा: चेनव्हील (पायडलजवळचं दातेरी चाक) अन् फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं) एका रेषेत आहे का? दुसऱ्या सायकलीचं चाक लावलं की थोडा फरक पडतोच. एक्सलवरचा वायसर या बाजूचा त्या बाजूला टाकून तो निघतो. माझ्या गाडीला दोनच वायसर लागले; मिस्त्री मात्र फ्रेम वाकडी म्हणूनच बसला होता!

मग चेन ताणून मोजा. पिनेपासून पिनेपर्यंत 24 कड्या म्हणजे 12 इंच. सूतभर (इंचाचा आठवा भाग) जास्त भरली तर चेन गेली. फ्रीव्हीलही सोबतच बदला, नाहीतर नवी चेन झिजलेल्या दातांवरून घसरते.

आणि ब्रेक? काळीचे दांडीवाले ब्रेक 635 मिमी व्यासाच्या रिमचे, रेंजरची रिम 559 ची. प्रत्येक बाजूला 38 मिमीची तफावत, ते जुळणारच नाहीत. वेगळे ब्रेक बसवल्याशिवाय उतारावर नेऊ नका.

पावसाळ्यात पांदणीची काळी माती चिमट्यात (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) थापली जाते, म्हणून टायरभोवती बोटभर जागा ठेवा.