घाटमाथ्याच्या दोन बाजू

प्रश्न : कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या ६५ किलोमीटरांच्या आसपास उगम पावते, तरी ती बंगालच्या उपसागराकडे का जाते? सह्याद्री ओलांडणारे रस्ते इतक्या मोजक्या ठिकाणीच का आहेत?

उत्तर : सह्याद्रीला आपण पर्वतरांग म्हणत असलो, तरी ती मुळात दख्खनच्या पठाराची पश्चिम कड आहे. बेसॉल्टच्या थरांवर थर साचून बनलेले हे पठार पूर्वेकडे मंद उतरत जाते, तर पश्चिमेस कित्येक ठिकाणी शेकडो मीटरांचे कडे थेट कोकणात उतरतात. घाटमाथ्याच्या पूर्वेस पडलेल्या पावसाला उतार पूर्वेचाच मिळतो, म्हणून समुद्र जवळ असूनही कृष्णेला सुमारे १,४०० किलोमीटर वाहावे लागते. सावित्री, वासिष्ठी यांसारख्या पश्चिमवाहिनी नद्या मात्र आखूड आणि वेगवान असून कडा सावकाश मागे कोरत नेतात.

कोयनेची गोष्ट अधिक विलक्षण आहे. महाबळेश्वराजवळ उगम पावल्यावर ती सह्याद्रीच्या माथ्याच्या धारेला समांतर दक्षिणेकडे बरेच अंतर वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरणात अडवलेल्या तिच्या पाण्याचा मोठा वाटा मात्र बोगद्यांतून पश्चिमेस उतरवला जातो आणि वीजनिर्मितीनंतर वासिष्ठीत सोडला जातो, म्हणजे एकाच नदीचे पाणी आज दोन्ही समुद्रांना मिळते.

रस्त्यांचे कारणही या कड्यातच आहे. तो चढायचा तर ओढ्यांनी कोरलेल्या नाळा आणि धारेतील खिंडी गाठाव्या लागतात. सातवाहनकाळापासून वापरातला नाणेघाट ही अशीच एक वाट. बोरघाटात १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली, तेव्हा चढ इतका अवघड होता की वाटेत गाडीची दिशा उलटी करण्यासाठी स्वतंत्र स्थानक ठेवावे लागले. माथ्यावर पोहोचल्यावर मात्र पूर्वेकडे गेलेल्या डोंगरसोंडांमधील खोरी रस्त्यांना आयतीच मिळतात.

जमिनीचा वापर पावसाच्या मागे जातो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तीस-पस्तीस किलोमीटरांवरील वाईला त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून मावळात भातखाचरे, उतारांवर नाचणी-वरी आणि पुढे पर्जन्यछायेत ज्वारी-बाजरी, असा क्रम दिसतो. नीरेच्या खोऱ्यातील ऊस पाहून हा क्रम खोटा वाटेल, पण तो ऊस स्थानिक पावसावर पिकत नाही. त्याला लागणारे पाणी भाटघरसारख्या, घाटमाथ्यालगतच्या पावसाळी पट्ट्यातील धरणांत साठून कालव्यांनी खाली येते.