वाचक विचारतात : भर पावसात बिऱ्हाड हलवताना कपड्यांची बांधाबांध

प्रश्न : यजमानांची बँकेत बदली झाल्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला चिपळूणहून नागपूरला बिऱ्हाड हलवायचे आहे. मागच्या बदलीच्या वेळी सगळे कपडे माणसागणिक वेगवेगळ्या खोक्यांत भरले होते, तरी नव्या घरी मुलांचे गणवेश वेळेवर सापडले नाहीत आणि सासूबाईंच्या पैठणीची जर काळी पडली. सामान नेणारे म्हणतात की, कपडे कपाटातच राहू द्या, कपाट तसेच उचलू. हे योग्य आहे का? — एक वाचिका, चिपळूण

उत्तर : लोखंडी कपाट कपड्यांसह उचलू देऊ नये. भरलेले कपाट आडवे केले की आतला भार दारांवर आणि बिजागऱ्यांवर येतो. मग दार तिरके बसते आणि नव्या घरी किल्ली फिरेनाशी होते. रिकामे करतानाच तिजोरीच्या कप्प्यातील दागिने आणि कागदपत्रे काढून स्वतःजवळच्या बॅगेत ठेवावीत; ती मालवाहू गाडीत जाऊ नयेत.

गणवेश न सापडण्याचे कारण माणसागणिक केलेल्या वाटणीत आहे. कपडे कोणाचे, यापेक्षा ते कधी लागणार, हे पाहून खोके भरावे. पहिल्या दोन दिवसांचे कपडे, टॉवेल, चादरी आणि मुलांचे गणवेश एका बॅगेत घालून ती आपल्याबरोबरच न्यावी, कारण घाटात दरड कोसळली तर गाडी केव्हा पोहोचेल याचा नेम नसतो. विदर्भातील शाळा कोकणापेक्षा उशिरा उघडतात, हा आपल्या बाजूचा भाग आहे. तरीही गणवेश याच बॅगेत असलेले बरे. रोजच्या वापराचे कपडे दुसऱ्या गटात, सणासमारंभाचे तिसऱ्यात आणि स्वेटर-शाली शेवटच्या गटात ठेवाव्यात, कारण नागपूरची थंडी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि तोवर ते खोके उघडण्याची घाई नसते. खोक्यावर आतील वस्तूंची यादी लिहिण्यापेक्षा ते कोणत्या खोलीत उतरवायचे आणि कधी उघडायचे, एवढेच ठळक लिहावे, आणि तेही दोन बाजूंना. वरच्या झाकणावर लिहिलेले एकावर एक खोके रचले की दिसत नाही.

आता पावसाचा मुद्दा, आणि आपल्या बाबतीत तोच सर्वांत मोठा आहे. कोकणातल्या जूनमध्ये दोरीवरून काढलेला कपडा हाताला कोरडा वाटतो, पण जीन्सचा कमरपट्टा, खिशाचे अस्तर, सदऱ्याची कॉलर आणि ब्लाउजच्या शिवणी आत ओलसर असतात. असा कपडा बंद खोक्यात तीन-चार दिवस राहिला की कुबट वास येतो, आणि पुढे बुरशीचे काळे ठिपके पडतात, जे सुती कपड्यावरून सहसा पूर्ण जात नाहीत. शिवणीचा भाग गालाला लावून पाहावा. गार लागला तर ओल आहे असे समजून वाफ न वापरता इस्त्री फिरवावी, कपडा पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्यावा आणि मगच घडी करून आत ठेवावा. गरम घडी लगेच बंद केली तर तिची वाफ खोक्यातच कोंडते. रोजच्या सुती कपड्यांच्या खोक्यात जाड प्लास्टिकचे अस्तर घालायला हरकत नाही, मात्र ते प्रवासापुरतेच असावे. भरलेली खोकी थेट फरशीवर न ठेवता पाटांवर किंवा फळीवर ठेवावीत. फरशीची ओल पुठ्ठा चटकन शोषतो.

पैठणीसाठी मात्र प्लास्टिक नको. अस्सल जरीत चांदी असते. दमट हवेने, अत्तराने आणि गंधकाच्या संपर्काने ती काळवंडते. घडी सुटू नये म्हणून लावलेले रबर बँडही जरीला घातक, कारण रबरात गंधक असते. डांबराच्या गोळ्याही जरीला किंवा रेशमाला टेकू देऊ नयेत. वर्तमानपत्रातही गुंडाळू नये, त्याची शाई उतरते. धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात प्रत्येक साडी वेगळी गुंडाळावी, घडीच्या आत मलमलीची सैल वळकटी ठेवावी म्हणजे मोड बोथट राहते, आणि या साड्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी जुनी चादर अंथरून सर्वांत वर ठेवाव्यात. नागपूरला पोहोचल्यावर त्या सावलीत उलगडाव्यात आणि पुन्हा घालताना घडीची जागा बदलावी. वर्षानुवर्षे एकाच मोडीवर घातलेली पैठणी बहुधा तिथेच विरते. काळी पडलेली जर घरी लिंबू किंवा चिंच लावून घासण्याचा मोह टाळावा. जुन्या रेशमाचा जाणकार धोबी किंवा रफूगार गाठावा.

निघण्यापूर्वी जे देऊन टाकायचे ते देऊन टाकावे. जुन्या साड्यांवर बोहारणीकडून एखादे पातेले मिळाले तर तेही न्यावे लागणार, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे! गोधडीसाठी मऊ सुती साड्या राखायच्या असतील, तर काचसामान गुंडाळायला त्यांच्याइतके चांगले काही नाही.

प्रश्न : थोरल्या मुलाचे बाळपणीचे कपडे डांबराच्या गोळ्यांसह बांधून ठेवले होते. नव्या घरी आल्यावर ते धाकट्या, महिन्याभराच्या बाळाला घालावेत का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : तसेच काढून मुळीच घालू नयेत. या गोळ्यांतील नॅफ्थलीनची थेट वाफ होते आणि ती कपड्यांत मुरते. काही बाळांमध्ये जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाच्या लाल रक्तपेशी या वाफेने फुटून कावीळ वाढू शकते, आणि ही कमतरता तपासणीशिवाय कळत नाही. कपडे वारंवार धुऊन उन्हात वाळवले तरी थोडाही वास उरला असेल, तर ते बाजूलाच ठेवावेत. पुढच्या वेळी बाळाचे कपडे बांधताना सुकवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत घालून ठेवावेत, आणि ती पुरचुंडीही बाळाच्या हाती लागू देऊ नये.

प्रश्न : हवा काढून टाकणाऱ्या पिशव्यांत रजया आणि कपडे भरावेत का? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : कृत्रिम भरणाच्या रजया, ब्लँकेट आणि उशा प्रवासापुरत्या भराव्यात. कापसाची गादी त्यात दाबू नये, कापसाचे गोळे होतात. लोकरी आणि रेशमी कपडेही त्यात महिनोन्महिने ठेवू नयेत. पिशवीमुळे आकार घटतो, वजन तेवढेच राहते, त्यामुळे एका खोक्यात अशा फार पिशव्या कोंबल्यास तळ सुटतो.