सायकलवर असताना लाल सिग्नलला थांबायलाच हवं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात रोज सकाळी सहाच्या सुमारास सायकलने कामाला निघता, कर्वे रस्त्यावरचे चौक त्या वेळी रिकामे असतात, सायकलला नंबर प्लेट नसल्यामुळे पावती फाटत नाही, आणि थांबलं की मागचे हॉर्न वाजवतात. मग लाल सिग्नलला थांबायचं कशासाठी?

थांबायचं, आणि प्रत्येक सिग्नलला थांबायचं. पावतीचा मुद्दा बाजूला ठेवा, खरा मुद्दा सेकंदांचा आहे.

ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या जरा वर. उभ्या सायकलला या वेगापर्यंत यायला पाचेक सेकंद लागतात आणि तोवर जेमतेम १०-११ मीटर अंतर कापलं जातं. चौक ३० मीटर रुंद असेल तर तो पूर्ण ओलांडायला १० सेकंद धरा. आडव्या रस्त्याने ताशी ६० ने येणारी गाडी त्याच १० सेकंदांत १६५ मीटर पुढे येते. म्हणजे चौक ‘रिकामा’ आहे असं म्हणायला तुम्हाला दोन्ही बाजूंचा १६५ मीटरचा रस्ता स्वच्छ दिसायला हवा. कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब आहेत, नळ स्टॉपला उड्डाणपूल आहे, कोपऱ्यावर टेम्पो उभे असतात. प्रत्यक्षात चाळीस-पन्नास मीटर दिसतं आणि डोक्यात ‘कोणी नाही’ अशी नोंद होते. सकाळी सहाला गाड्या कमी असतात हे खरं, पण ज्या असतात त्या सुसाट असतात, आणि त्या चालकासमोर हिरवा दिवा आहे. तो वेग कमी करण्याचं काहीच कारण नाही.

न थांबता, चालत्या वेगात सिग्नल तोडला तर तोच चौक सात-आठ सेकंदांत पार होतो, पण मग दोन्हीकडे मान वळवून बघायला वेळच राहत नाही. डावीकडे बघून उजवीकडे बघेपर्यंत तुम्ही मधोमध आलेले असता.

आता ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही तो भाग. लाल जितका धोक्याचा, तितकेच हिरव्याचे शेवटचे काही सेकंद सायकलसाठी वाईट. पिवळा दिवा साधारण ३ सेकंद असतो आणि त्यानंतर सगळ्या बाजूंना लाल असा एक-दोन सेकंदांचा अवधी मिळतो, तोही सगळीकडे नाही. या पाच सेकंदांत मोटारसायकल चौकाबाहेर जाते. सायकल २० मीटर जाते. चौक ३० मीटरचा असेल तर आडवी बाजू सुटते तेव्हा तुम्ही अजून १० मीटर आत असता. त्यात आपल्याकडे पलीकडचे दुचाकीवाले सिग्नलवरचा सेकंदांचा आकडा शून्यावर यायची वाट बघत नाहीत, दोनवरच सोडतात. म्हणून हिरवा आहे एवढंच बघून आत शिरू नका, उरलेला आकडा बघा. साध्या चौकात ४ पेक्षा कमी उरले असतील तर थांबा. अलका टॉकीजसारख्या, पाच-सहा रस्ते एकत्र येणाऱ्या पसरट चौकात ही मर्यादा ७-८ ठेवा. आकडा दिसत नसेल आणि दिवा बराच वेळ हिरवा असेल, तर तो आता जाणार असं धरून वेग उतरवत या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या सिग्नल पाळण्याच्या आणि दंडाच्या तरतुदी मोटार वाहनांसाठी आहेत. सायकल त्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे ई-चलान येत नाही. पण याचा अर्थ सायकलला कायदाच नाही असा होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये वाहनाच्या व्याख्येत सायकल आहे, रस्त्यावरच्या सायकलींसह सगळ्या वाहतुकीचं नियमन करण्याचा अधिकार त्यात पोलिसांना दिला आहे, आणि पोलिसांनी दिलेली वाजवी सूचना पाळणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ चालवण्याबद्दल आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नुकसानभरपाईची. अपघात झाला आणि सिग्नल तुम्ही तोडला होता हे सिद्ध झालं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तुमचा निष्काळजीपणाचा वाटा ठरवून तेवढी रक्कम कापू शकतं. दावा तुमच्या घरच्यांना लढावा लागला, तर ती कपात त्यांच्या पदरी येते.

बऱ्याच जणांचं न थांबण्याचं खरं कारण वेगळंच असतं. पुन्हा सुरुवात करणं जिवावर येतं. आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा चुकीच्या गिअरमध्ये थांबण्यात असतं. गिअरची सायकल असेल तर थांबण्याच्या पट्टीच्या (स्टॉप लाइनच्या) २०-२५ मीटर आधी, पेडल फिरत असतानाच, मागच्या चाकाजवळच्या मोठ्या दातेरी चकत्यांकडे या. सात चकत्यांपैकी सर्वांत मोठीपासून दुसरी किंवा तिसरी. पुढे तीन चकत्या असतील तर मधली. थांबल्यावर गिअर बदलायला जाऊ नका. साखळी अर्धवट अडकते आणि हिरवा झाल्यावर पहिल्याच दाबाला कडकड करत निसटते, पाय घसरतो.

थांबताना सीटवर बसून टाचा उंच करत जमीन शोधू नका. सीट योग्य उंचीवर असेल तर बसल्या जागेवरून पाय पुरणारच नाहीत. शेवटच्या दोन मीटरला सीटवरून पुढे उतरा आणि डावा पाय टेका. डावाच, कारण आपला रस्ता मध्यापासून कडेकडे उतरता असतो. तोल गेलाच तर कडेकडे जावा, गाड्यांकडे नाही. उतारामुळे डावीकडची जमीन एक-दोन बोटं खोल लागते, तेवढं लक्षात ठेवा. मग पुढचा ब्रेक धरून मागचं चाक किंचित उचला, किंवा उजव्या पायाच्या चवड्याने पेडल खालून वर ओढा, आणि उजवं पेडल घड्याळातल्या दोनच्या काट्याच्या जागी आणून ठेवा. हिरवा झाला की त्या एका पेडलवर सगळं वजन टाकायचं, त्याच जोरात सीटवर बसायचं आणि डावा पाय पेडलवर घ्यायचा. बिनगिअरच्या काळ्या सायकलला तर ही दोनची जागा फारच महत्त्वाची, कारण तिथे सोपा गिअर नावाचा आधार नाही. पेडल सहावर राहिलं तर पहिला जोर वाया जातो, हँडल डुलतं आणि नेमकं त्याच क्षणी मागचे हॉर्न सुरू होतात.

हॉर्नचं दुसरं कारण उभं राहण्याची जागा. ‘फ्री लेफ्ट’चा बोर्ड असलेल्या चौकात अगदी डाव्या कडेला थांबलात तर डावीकडे जाणाऱ्यांची वाट अडते. सरळ जायचं असेल तर एक पट्टा आत, सरळ जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत उभे राहा. (बोर्ड किंवा डावीकडचा हिरवा बाण नसेल तर डावं वळणसुद्धा लालवर मोकळं नसतं, सायकललाही नाही.) झेब्रावर जाऊन थांबू नका. सायकल दिसायला बारीक असली तरी हँडलची रुंदी हात-दीड हात भरते आणि काठी टेकत जाणाऱ्या माणसाला तेवढ्यासाठी गाड्यांच्या बाजूने वळसा घ्यावा लागतो.

बस, डंपर किंवा काँक्रीट मिक्सर आधीच उभा असेल तर त्याच्या डावीकडच्या फटीतून पुढे सरकू नका. लाल सिग्नलशी संबंधित सगळ्या सल्ल्यांतून एकच पाळणार असाल तर हा पाळा. केबिनमधून डावी बाजू आणि अगदी समोरचा तुकडा चालकाला नीट दिसत नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, कोपरा आतून कापतात. सुरुवातीला मीटरभर दिसलेली फट वळता वळता संपते. गाडीच्या मागे, आरशात चालकाचा चेहरा दिसेल अशा जागी थांबा. त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. थांबलेल्या रिक्षांच्या डावीकडूनही जपून, सिग्नलला प्रवासी त्याच बाजूने उतरतात.

पावसाळ्यात तीन गोष्टी बदलतात. रिमवर घासणारे ब्रेक ओले झाले की पहिला काही काळ फक्त पाणी पुसतात, धरत नाहीत. कोरड्या रस्त्यावर ताशी १८ च्या वेगातून थांबायला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, ९-१० मीटर लागतात. ओल्यात दुप्पट धरा आणि ३० मीटर आधीपासून ब्रेक हलके दाबत, सोडत या, म्हणजे रिम पुसली जाते. दुसरं, स्टॉप लाइन आणि झेब्राचे पांढरे पट्टे ओले झाले की गुळगुळीत होतात. त्यांच्यावर जोरात ब्रेक नको आणि टेकलेला पायही नको. पट्टीच्या हातभर मागे डांबरावर थांबा. तिसरं, लेनच्या मधोमध गाड्यांचं तेल ठिबकून एक काळा पट्टा तयार होतो, स्टॉप लाइनजवळ तर जास्तच. पहिल्या पावसात तिथे टायर सरकतो. गाड्यांची चाकं जातात त्या ओळीत उभे राहा.

उजवीकडे वळायचं असेल तेव्हा तीन लेन कापून मध्यभागी जाण्याची गरज नाही. हिरव्यावर डावी कड धरून सरळ पलीकडे जा, पलीकडच्या कोपऱ्यावर झेब्राच्या आणि फ्री लेफ्टच्या वाटेतून बाजूला थांबा, सायकल उजवीकडे वळवून त्या रस्त्याच्या हिरव्याची वाट बघा. एक सिग्नल जास्त लागतो, पण पाठीमागून येणाऱ्या गाड्यांसमोरून आडवं जावं लागत नाही.

परदेशात सायकलला लालवर सूट आहे हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. आहे, पण अटींसह. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९८२ पासून वेगळा नियम आहे. तिथेही सरळ जायचं असेल तर लाल दिव्याला आधी पूर्ण थांबायचं, इतरांना वाट द्यायची आणि मग जायचं. पॅरिसमध्ये ठरावीक सिग्नलांवर छोटी त्रिकोणी पाटी असते; ती असेल तरच, आणि पाटीवरच्या बाणाच्या दिशेनेच सायकल पुढे जाऊ शकते. शिवाय त्या शहरात २०२१ पासून बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० आहे. वरचा १६५ मीटरचा हिशोब तिथे अर्धा होतो. आपल्याकडे अशी पाटी नाही, आणि आडव्या गाडीचा वेगही तो नाही. पुण्यात निवडक चौकांत अशी सूट यावी असं मलाही मनापासून वाटतं, पण ती चौक बघून, रंग मारून, पाटी लावून यायला हवी. प्रत्येकाने आपापली घेऊन नाही.

तुमच्या सकाळच्या वेळेसाठी शेवटचं. काही सिग्नल पहाटेपर्यंत लुकलुकत्या पिवळ्यावर असतात. त्याचा अर्थ वेग कमी करून, दोन्हीकडे बघून जा. थांबायची सक्ती नाही. लुकलुकता लाल असेल तर पूर्ण थांबा, बघा, मग जा. हवालदार हाताने इशारा करत असेल तर दिव्यापेक्षा त्याचा हात मोठा. आणि दिवा स्थिर लाल आहे, चिटपाखरू नाही, उशीरही होतोय, अशा वेळी सायकलवरून उतरा, पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की सायकल हाताने ढकलत झेब्रावरून जा. पलीकडे गेल्यावर कडेला घेऊन, उजवं पेडल दोनवर आणून मगच बसा.