पस्तिसाव्या वर्षी गोव्यात आलेला लेफ्ट बॅक

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता, पण घाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही. क्लबने करार वाढवला नाही. दुसरा क्लब घ्यायला तयार आहे, पण त्यांना कडेने हल्ला करणारा विंगर नको, मागे डावीकडे बचाव करणारा लेफ्ट बॅक हवाय. 'सर, मी मागे चाललोय,' असं तू लिहिलंस. ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला कार्लोस पेन्या आठवला.

तो एफसी गोव्याकडून खेळायचा तेव्हा तू शाळेत होतास. नारंगी जर्सीतला, गोलकीपरच्या पुढे डावीकडे उभा असणारा. तुम्ही सगळी पोरं गोव्याचा स्ट्रायकर कोरो याचे गोल बघायचात. मी मडगावच्या फातोर्डा मैदानावर जायचो तो पेन्या कुठे उभा राहतो ते बघायला.

जन्म 1983 चा, स्पेनमधल्या सालामांकाचा. बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघात खेळला, पण मुख्य संघात काही बस्तान बसलं नाही. तिथून निघाला तो आल्बासेते, वेल्वाचा रेक्रेआतिवो, व्हायादोलिद, ओव्हिएदो, हेताफे, लोर्का. नकाशा उघडून बघ. वेल्वा म्हणजे नैऋत्येला, पोर्तुगालच्या सीमेजवळ, आणि ओव्हिएदो उत्तरेला, पावसाच्या मुलखात. यातली बरीच वर्षं तिथल्या दुसऱ्या श्रेणीत गेली. ती श्रेणी म्हणजे 22 संघ आणि मोसमात 42 सामने. पहिले दोन थेट वर जातात, तिसरा ते सहावा एका जागेसाठी प्लेऑफ खेळतात, शेवटचे चार खाली. अशा ठिकाणी डिफेंडरला वर्षानुवर्षं काम मिळत राहतं, कारण त्या 42 सामन्यांत कुणीतरी भरवशाचा लागतो.

व्हायादोलिदला तो सगळ्यात जास्त रमला, पाच मोसम. 2012 मध्ये तो संघ प्लेऑफमधून पहिल्या श्रेणीत गेला आणि 2014 मध्ये परत खाली आला. पुढे हेताफेबरोबर 2017 मध्ये पुन्हा वर जाणं, आणि पुढच्याच मोसमात लोर्काबरोबर खाली घसरणं. वर, खाली, वर, खाली. यातल्या कुठल्या क्षणी तू त्याला 'हा मागे चाललाय' म्हणाला असतास? मला तरी सांगता आलं नसतं.

लोर्कानंतर 2018 मध्ये तो गोव्यात आला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. आता हे नीट वाच. आयुष्यभर लेफ्ट बॅक खेळलेला माणूस इथे सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, झाला. शेजारी मुर्तदा फॉल, उंचापुरा, हेडरचा राजा. प्रशिक्षक लोबेरा सरांचा गोवा गोलकीपरपासून छोटे पास देत खेळ उभा करायचा. अशा संघात डावीकडच्या सेंटर बॅकचा पाय डावा असला तर फार फरक पडतो. उजव्या पायाचा खेळाडू तिथे चेंडू आत वळवतो आणि समोरच्या स्ट्रायकरच्या तोंडात देतो. डाव्या पायाच्या माणसाला बाहेरची वाट मोकळी असते, चेंडू साइडलाइनच्या कडेने सरळ पुढे सरकतो. वय झालं, पळ कमी झाला, पण लेफ्ट बॅक म्हणून कमावलेला तो पाय त्याला आतल्या जागेवर उपयोगी पडला. कुठली शिकवण कधी कामाला येईल ते आधी कळत नाही रे.

आणि त्याच्या पुढे लेफ्ट बॅकला कोण होता? आपला मंदार राव देसाई. मूळचा विंगर! त्याला मागे आणला म्हणून त्याचा खेळ आटला का? उलट, मागून धावत येऊन तो जास्त मोकळा झाला. मंदार वर गेला की त्याच्यामागे जी पोकळी राहायची ती पेन्या झाकायचा. नव्या क्लबमध्ये गेल्यावर पहिल्या दिवशी हेच विचार: मी वर गेलो तर माझ्यामागे कोण? उत्तर मिळेपर्यंत वर जाऊ नकोस.

17 मार्च 2019 ची इंडियन सुपर लीगची फायनल मी अंधेरीला जाऊन बघितली. एक्स्ट्रा टाइम, गोवा दहा जणांवर, आणि 117 व्या मिनिटाला कॉर्नरवरून राहुल भेकेचं हेडर. बंगळुरू 1–0. जिंकवणारा मुंबईचा मुलगा, तोही डिफेंडर, आणि तोही चार-पाच क्लब फिरून तिथवर आलेला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. महिन्याच्या आत, 13 एप्रिलला भुवनेश्वरला गोव्याने चेन्नईयिनला 2–1 हरवून सुपर कप घेतला. पुढच्या मोसमात कोच मध्येच बदलला तरी 18 सामन्यांत 39 गुणांसह लीगमध्ये पहिला नंबर काढला, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळायचा हक्क मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. तो हक्क मिळवून देणाऱ्यांत पेन्या होता, पण 2021 मध्ये फातोर्ड्यावर ते सामने झाले तेव्हा नव्हता. 2020 मध्येच त्याने बूट उतरवले होते. याची मला आजही हळहळ वाटते.

2022 मध्ये तो त्याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक होऊन परतला. संघ सातवा आला, प्लेऑफ हुकला आणि एका मोसमात तो गेला. पण बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसालाच क्लबने बोलावलं होतं, हे लक्षात ठेव.

आता माझं एक सांगतो, आजवर तुला सांगितलं नव्हतं. मी तेविसाव्या वर्षी एका क्लबच्या करारावर न वाचता सही केली. चौथ्या सामन्यात गुडघा गेला. ऑपरेशनचा खर्च कुणाचा, हे त्या कागदात कुठेच नव्हतं, आणि आईने पाटल्या मोडल्या. तुझा पाय माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. म्हणून त्याची मला जास्त काळजी.

तिकडे जा, असंच माझं मत आहे. रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर ये. गवतावर दव असेल, स्टडचे बूट आण. साइडलाइनच्या कडेने डाव्या पायाचे पास मारत बसू, चेंडू मी पुरवतो. आणि कराराचा कागद बरोबर आण. दुखापतीचं कलम मला स्वतः वाचायचंय, तोवर सही करू नकोस.

तुझा,
सर