सेन्सर नवा टाकला तरी १५७ चा कोड येतोय? ईसीएम बदलण्याआधी पाच व्होल्ट तपासा

तुमच्या सेकंडहँड पोकलेनवर एसपीएन १५७ (बिघाड कुठे), एफएमआय ४ (बिघाड कसला) हा कोड येतोय. रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या रेलमधला दाब मोजणारा) नवा टाकला, थोडे दिवस बरं चाललं, आता इंजिन गरम झालं की पुन्हा तोच कोड आणि पॉवर डाउन. मधूनच बूस्टचा (टर्बोच्या हवेच्या दाबाचा) १०२ पण सोबत येतो, आणि मेकॅनिक म्हणतोय ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला. तुमची ही पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण हेच सगळं, याच क्रमाने, मी भोगलंय. निदान हे वाचून होईपर्यंत ईसीएमची ऑर्डर देऊ नका.

कोड काढायचा कसा ते तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. पण त्यातला दुसरा आकडा कोणी नीट बघत नाही. १५७ म्हणजे कुठे, ४ म्हणजे काय. एफएमआय ०, १, १६ किंवा १८ असता तर दाबच खरोखर जास्त किंवा कमी आहे, सेन्सर खरं बोलतोय असं धरून फिल्टर, पंप, गळती बघायला सांगितलं असतं. ३ आणि ४ व्होल्टेजचे, ५ बहुतेक वेळा तुटलेल्या सर्किटचा. तुमचा ४ एवढंच सांगतो की ईसीएमला सिग्नलचं व्होल्टेज हवं त्यापेक्षा कमी मिळतंय. सेन्सर मेला असं तो म्हणतच नाही.

आणि सोबत १०२ येतो हा तर सगळ्यात मोठा धागा आहे. दोन वेगळे सेन्सर सहसा एकाच क्षणी जात नाहीत. दोघांत सामाईक काय? ईसीएमकडून येणारा पाच व्होल्टचा पुरवठा. एकाच लाइनवर अनेकदा दोन-तीन सेन्सर असतात, त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला किंवा एकाची वायर बॉडीला लागली, की सगळ्यांचे पाच व्होल्ट पडतात आणि चांगले सेन्सरसुद्धा ४ दाखवायला लागतात. जुन्या कोडच्या यादीत ३५०९ किंवा ३५१० आहे का बघा. ते या पुरवठ्याचेच कोड आहेत. असतील तर १५७ विसरा, आधी तेच.

माझ्या वेळी सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) फोनवर कोड ऐकला आणि सेन्सर पाठवला. कोड परत आला म्हणून दुसरा पाठवला. मग ईसीएम बसवला, तोही मीटर एकदाही न लावता. त्याच दिवशी संध्याकाळी तोच कोड! इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही हे तेव्हा कळलं. वायरिंग डायग्रामचं एक पान मागितलं तर उत्तर मिळालं, मशीन तुमच्या नावावर आमच्याकडे नोंदलेली नाही. अहो, पार्ट विकताना नोंद लागत नाही, पान द्यायला लागते? कामाच्या मोसमात मशीन उभी आणि हप्ते चालू, आणि समोरचा माणूस थंडपणे पुढच्या पार्टचा नंबर सांगतोय. याचा राग मला अजून आहे.

शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने शोधलं. बिघाड रेल सेन्सरच्या आसपासही नव्हता. ऑइल प्रेशर सेन्सरकडे जाणारी हार्नेस (वायरांचा जुडगा) इंजिनच्या मागे एका क्लॅम्पमधून जाते, त्या क्लॅम्पचं रबर झिजून गेलं होतं. लोखंडी कडेने इन्सुलेशन खाल्लं होतं, तिळाएवढं तांबं उघडं. थंड असताना टेकत नव्हतं. इंजिन तापलं आणि मशीन लोडवर थरथरली की टेकायचं.

तेव्हा करायचं ते असं. चावी ऑफ, रेल सेन्सरचा कनेक्टर काढा, चावी ऑन, कनेक्टरच्या पाच व्होल्ट आणि अर्थ पिनवर मीटर लावा. साधारण ४.७५ ते ५.२५ दिसायला हवेत. तुमचा कोड गरम झाल्यावर येतो, म्हणून हे गरम असतानाच करा आणि दुसऱ्याला हार्नेस जागोजाग हलवायला सांगा. व्होल्टेज पडलं तर मीटर तसाच ठेवून त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक काढत जा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या फाट्यात. सगळे काढूनही येत नसतील तर चावी ऑफ करून ईसीएमचा कनेक्टर काढा आणि ती वायर अर्थला लागते का बघा. लागत असेल तर वायर. नसेल, तेव्हाच ईसीएमवर संशय घ्या, त्याआधी नाही असं माझं ठाम मत आहे. पाच व्होल्ट शेवटपर्यंत ठीक राहिले तर सिग्नलची वायर आणि सैल झालेल्या पिना बघा.

वायरला सुई टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. कनेक्टरच्या मागून बारीक प्रोब घाला. टेस्ट लॅम्प या लाइनवर अजिबात नको.

मी इंजिनिअर नाही, तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये आकडा वेगळा असेल तर तोच धरा. आणि इंजिन चालू असताना रेलचा पाइप कोणीही सैल करू नये. आत हजार बारच्या वरही दाब जातो, डिझेल कातडीतून आत शिरतं. पाइप सैल करून बघणं ही चाचणी नव्हे.

विषय निघालाच आहे म्हणून: आधीच्या मालकाने बूमवर वेल्डिंग केलंय का विचारा. बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर न काढता केलं असेल तर ईसीएमला धक्का बसलेला असू शकतो. आणि पुढची जुनी मशीन घ्याल तेव्हा कोडची यादी कोरी दिसली म्हणून खूश होऊ नका. हजारो तास चाललेल्या मशीनमध्ये एकही जुना कोड नसेल तर कोणीतरी सकाळीच पुसलाय असं मी समजतो. तापेपर्यंत लोडवर चालवायला लावा, मग पुन्हा यादी काढा, आणि ईसीएममधले तास पॅनेलवरच्या तासांशी जुळतात का तेही बघा.

हार्नेस हलवताना मीटर किती दाखवतो आणि यादीत ३५०९ किंवा ३५१० आहे का, एवढं इथे लिहा. इंजिनचं मॉडेलही टाका, म्हणजे कुठले सेन्सर एका लाइनवर आहेत ते कुणाकडे डायग्राम असेल तर सांगता येईल.