आवाज कायमचा लिहून द्यावा का?

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्याला राहते. अंधेरीच्या स्टुडिओंत मालिकांचे मराठी डबिंग आणि शैक्षणिक चित्रफितींचे निवेदन ही माझी अनेक वर्षांची कामे. निवेदन आता कृत्रिम आवाजात होऊ लागल्याने ते काम जवळजवळ थांबले आहे. त्यातच एका स्टुडिओच्या नव्या करारनाम्यात माझे ध्वनिमुद्रण 'आजच्या व भविष्यातील सर्व तंत्रज्ञानांसाठी, जगभर व कायमस्वरूपी' वापरण्याची मुभा मागितली आहे. मानधन मात्र जुनेच आहे. सही करावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : या शब्दांत करू नये. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये मांडलेल्या 'वॅल-ई' प्रणालीला आवाजाची नक्कल करण्यासाठी तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. आपले तर तासन्‌तास ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या दप्तरी पडून असेल.

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना अंतरिम दिलासा देताना, परवानगीविना त्यांच्या आवाजाची नक्कल करणारी साधने त्यांच्या व्यक्तिमत्त्व हक्कांचा (आपले नाव, चेहरा, आवाज यांवरील हक्कांचा) भंग करतात, असे म्हटले. परंतु त्या दिलाशामागे त्यांची ख्याती आहे, आणि डबिंग कलाकाराचे नाव पुष्कळदा श्रेयनामावलीतही नसते. त्यामुळे आपली भिस्त करारनाम्यावरच राहणार. प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ मधील कलम १९, जे कलम ३९अ मुळे कलाकारांच्या हक्कांनाही लागू होते, सांगते की हक्कांच्या हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत मानावा. म्हणजे 'जगभर' आणि 'कायमस्वरूपी' हे दोन शब्द नुसते खोडून घेतले तरी बरेच साधते. त्याखाली 'हे ध्वनिमुद्रण याच मालिकेपुरते असून कृत्रिम आवाज घडवण्यासाठी कलाकाराच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय वापरता येणार नाही' एवढे वाक्य घालावे. स्टुडिओ कुरकुर करील, पण ज्याचा तसा हेतूच नाही त्याला या वाक्याची अडचण होण्याचे कारण नाही. सहीपूर्वी मसुदा वकिलाला दाखवावा.

निवेदनाचे गेलेले काम परत येईल, अशी आशा दाखवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्यातून एक नवे काम मात्र निघते आहे. 'चार पेंढ्या चारा' या तीन शब्दांत 'च' दोन परींनी उच्चारला जातो आणि कृत्रिम आवाज तिथे अडखळू शकतो. असे उच्चार तपासायला कान तयार असलेला माणूसच लागतो. स्टुडिओ हे काम 'जरा ऐकून सांगा' म्हणत फुकटात करवून घेऊ पाहतील. त्याचा तासाचा दर आधीच ठरवून घ्यावा.