चित्राआधी वॉर्निश

प्रश्न : मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय. चित्रकला शाळेतच सुटली. तरीही कलेतिहासात पीएच.डी. करावीशी वाटते, तर घरचे हसतात. तुमचं शिक्षण काय आणि संशोधन नेमकं कशावर चाललंय?

उत्तर : हसू द्या. मीही रसायनशास्त्रातलीच, आणि माझी चित्रकला रांगोळीच्या ठिपक्यांपुढे कधी गेली नाही. बी.एस्सी.नंतर प्राचीन भारतीय संस्कृती घेऊन एम.ए. केलं. संस्कृतने घाम काढला. पीएच.डी.साठी एम.ए.ला साधारण ५५ टक्के लागतात, तेवढे सांभाळा.

माझा विषय म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांच्या एकोणिसाव्या शतकातल्या नकला. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून त्या तैलरंगात केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाला आग लागली, तीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन कामाला लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. दैव म्हणतात ते हेच असावं!

उरलेल्या नकला हुबेहूब आहेत का, असं सगळे विचारतात. मला त्यात फारसा रस नाही. नकलेत आकृती पुरी आहे आणि भिंतीवर आज नुसता गिलावा, अशा जागा मी शोधते. रंग गळालेल्या ठिकाणी वाकून पाहिलं की चिखलात कालवलेलं भाताचं तूस दिसतं. दुसरी भानगड वॉर्निशची. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवरच वॉर्निश फासलं गेलं. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी वर लाखेचा थर दिला. हे थर पिवळे पडत गेले. अजिंठ्याच्या ज्या ‘सोनेरी उबे’चं आपण कौतुक करतो, तिच्यात चित्रकाराचा वाटा किती आणि लाखेचा किती? तिथला निळा म्हणजे लाजवर्द, या निळ्या दगडाची पूड. त्यावर पिवळा पापुद्रा चढला की तो हिरवट दिसणारच. चांगले चांगले अभ्यासक रंगसंगतीवर पानंच्या पानं लिहितात आणि हा थर विसरतात. तुमची बी.एस्सी. कामी येईल ती नेमकी इथे.

अर्ज भरण्याआधी एकदा लेणी पाहून या. छतासाठी छोटी दुर्बीण न्या. फ्लॅश चालत नाही. आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.